भजनाच्या रेकॉर्डिंगसाठी लिनक्स: आधी पेनड्राइव्हवर पारखा, मगच बसवा

संगीतासाठी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणक-प्रणाली) बसवल्यावर आपला माइक किंवा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारे उपकरण) चालतच नाही असे लक्षात आले, तर गावात मोजक्या मोबाइल डेटावर दुसऱ्या लिनक्स आवृत्तीची काही जीबींची फाइल उतरवताना दिवस वाया जातो.

१. उबुंटू स्टुडिओ या संगीतकामासाठीच्या लिनक्सची एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती घ्यावी. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, तिला तीन वर्षे आधार मिळतो आणि आर्डरसारखी रेकॉर्डिंगची साधने तिच्यात आधीच असतात. फाइल तालुक्याच्या गावी वाय-फायवर एकदाच उतरवावी. पुढे तीच मंडळातल्या सगळ्यांना पुरते.

२. बॅलेना एचर (पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू होईल अशी फाइल चढवणारे सॉफ्टवेअर) वापरून ती १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी (पेनड्राइव्हवरचे जुने सारे पुसले जाते) आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करून, काहीही न बसवता, चालवून पाहावा.

३. आर्डरमध्ये ४८,००० हर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे सॅम्पल) आणि २५६ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ठेवून खंजिरीसह एक पूर्ण भजन ध्वनिमुद्रित करावे. हा बफर साधारण ५.३ मिलिसेकंदांचा असतो. खंजिरीची थाप तुटक ऐकू आली किंवा एक्सरनचा (संगणक वेळेत न पुरल्याने आवाज तुटल्याच्या नोंदींचा) आकडा वाढत गेला, तर बफर ५१२ करावा. खरी परीक्षा खंजिरीच घेते, कारण तिच्या झांजांच्या किणकिणाटात बारीकशी तुटही लगेच कानाला खटकते.

४. हे सारे जमले तरच, लोडशेडिंगची वेळ टाळून आणि बॅटरी पूर्ण भरून, लिनक्स बसवावे.

खबरदारी: बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्यास विंडोजसह जुनी रेकॉर्डिंगेही जातात, म्हणून त्यांची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.