बुद्धिबळात रेटिंगने वरचढ असलेल्या खेळाडूशी डाव कसा खेळावा

स्विस पद्धतीच्या स्पर्धेत (हरलेला बाद होत नाही, प्रत्येक फेरीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात) पहिल्या फेरीला रेटिंगनुसार, म्हणजे खेळाची ताकद दाखवणाऱ्या अंकानुसार, लावलेल्या यादीच्या वरच्या अर्ध्या भागातील खेळाडूंची गाठ खालच्या अर्ध्या भागाशी घातली जाते. त्यामुळे सोलापुरात उन्हाळी सुट्टीत प्रथमच रेटिंग स्पर्धेला बसणाऱ्या मुलासमोर पहिल्याच सकाळी मुरलेला खेळाडू येणे ओघानेच आले. घाबरण्याआधी हिशेब पाहावा. रेटिंगमधला फरक ४०० गुणांचा असेल, तर फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, तक्त्यानुसार कमी रेटिंगच्या खेळाडूकडून त्या डावात ०.०८ गुण अपेक्षित असतो (विजयाला १, बरोबरीला अर्धा गुण). ज्याचा के-घटक (एका डावाने रेटिंग किती बदलावे हे ठरवणारा आकडा) ४० आहे, त्याचे हरल्यास सुमारे ३ रेटिंग गुण जातात आणि बरोबरी झाल्यास जवळजवळ १७ मिळतात.

सुरुवात रोजच्या सरावातलीच खेळावी. आदल्या रात्री व्हिडिओ पाहून उचललेली ओपनिंग आठव्या चालीला दगा देते.

खरी चूक पुढे होते. बरोबरी पदरात पडावी म्हणून दिसेल त्या मोहऱ्याची अदलाबदल केली जाते. सात रस्त्याजवळच्या एका मंगल कार्यालयात मीही तेच केले होते: वजीर पटावरून जाताच समोरचे गृहस्थ निवांत उठून चहा घेऊन आले, आणि पुढच्या तीसेक चालींत सी-पट्टीतले (पटाच्या आठ उभ्या पट्ट्यांना ए ते एच अशी नावे असतात) माझे एकटे पडलेले प्यादे त्यांनी हत्ती व राजा यांच्या जोरावर सावकाश टिपले. अनुभवी खेळाडूला शेवटाचा खेळच अधिक चांगला येतो. म्हणून अदलाबदलीपूर्वी उरणाऱ्या प्याद्यांची रचना पाहावी. ती आपल्या बाजूने नसेल, तर गुंतागुंत राहू द्यावी.

प्रत्येक चालीआधी प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या चालीचा हेतू शोधावा. मोहऱ्याला हात मात्र निर्णय झाल्यावरच लावावा, कारण मुद्दाम स्पर्श केलेले मोहरे नियमानुसार चालवावेच लागते.

बरोबरीचा प्रस्ताव आपली चाल केल्यानंतर, पण घड्याळ दाबण्यापूर्वी, एकदाच द्यावा. तो पुन्हापुन्हा देणे प्रतिस्पर्ध्याला त्रास देण्यात जमा होते, शिवाय त्यातून आपली भीतीही कळते.

डाव हरल्यासारखा वाटला, तरी लगेच सोडू नये. पांढऱ्याकडे ए-पट्टीतले प्यादे आणि काळ्या घरांवर चालणारा उंट एवढेच उरले असेल, तर काळ्या राजाने ए८ हे कोपऱ्याचे घर गाठावे. ते घर पांढरे असल्याने उंट त्याला तेथून हुसकावू शकत नाही आणि प्याद्याचा वजीर होत नाही. फार जोर केला, तर स्टेलमेट होते, म्हणजे शह नसताना काळ्याला एकही चाल उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो.