गणिताच्या तासाला मुलांना लिहायला लावताना या चुका टाळा

‘आज काय शिकलात ते लिहा,’ असा प्रश्न दिला की उत्तर ठरलेले असते: ‘आज आम्ही वर्गसमीकरणे शिकलो. मला ती खूप आवडली.’ शिक्षकाच्या हाती काही लागत नाही आणि महिन्याभरात हा उपक्रम बंद पडतो. चूक प्रश्नाची आहे. लिहायला काही अडचणच दिली नाही, तर मूल लिहिणार काय?

त्यापेक्षा फळ्यावर एक चुकलेले उदाहरण मांडा. क्ष² = ५क्ष; दोन्ही बाजूंना क्ष ने भागले; क्ष = ५. मग विचारा, दुसरी उकल कोणत्या पायरीला हरवली आणि का? ‘अवयव पाडायला हवे होते’ एवढेच लिहिणाऱ्याला पद्धत माहीत आहे. ‘क्ष शून्यही असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही’ असे लिहिणाऱ्याला कारण कळले आहे. एरवी गृहपाठाच्या वहीत ही दोन्ही मुले अगदी सारखी दिसतात.

संभाव्यतेतही असे प्रश्न भरपूर सापडतात. दोन नाणी उडवली तर दोन छापे, दोन काटे किंवा एकेक अशा तीनच शक्यता, म्हणून एकेक येण्याची संभाव्यता १/३, असे म्हणणाऱ्या मित्राला चार ओळींत समजावून सांगा म्हणावे. एक नाणे रुपयाचे आणि दुसरे पाचाचे घ्या, म्हणजे ‘एकेक’ दोन प्रकारे येते आणि शक्यता तीन नसून चार आहेत हे दिसेल, असे एखादे मूल आपणहून सुचवते.

भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता लिहून घेतो, म्हणजे लेखन झालेच, हाही एक गैरसमज. पाठ केलेली सिद्धता त्रिकोणाची अक्षरे बदलली की अडते. एकाच पायरीचे कारण स्वतःच्या शब्दांत मागा.

ऱ्हस्व-दीर्घाला लाल पेन लावू नका. ‘भागलं की एक उत्तर गळालं’ हे वाक्य गणित म्हणून उत्तम आहे. सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर हे फारच सांभाळावे लागते. गणित इंग्रजीत म्हणून स्पष्टीकरणही इंग्रजीतच मागितले, तर मुले पुस्तकातली ओळ उतरवून मोकळी होतात. मराठीत लिहू द्या, मधे इंग्रजी संज्ञा आल्या तरी चालतील.

साठ वह्या तपासणे कोणालाच जमत नाही, आणि गरजही नाही. तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत कोऱ्या चिठ्ठीवर लिहून घ्या, वरवर चाळा, आणि दुसऱ्या दिवशी दोन चिठ्ठ्या नाव न सांगता वाचून तास तिथूनच सुरू करा. गुण मात्र ठेवू नका, नाहीतर चिठ्ठीवरही गाइडमधलीच वाक्ये येऊ लागतील.