सुटा शब्द पाठ करू नका

बारावीपर्यंत माझं मराठी माध्यम. वडील यंत्रमागावर कामाला. पदवी झाल्यावर इंग्रजी शब्दांची यादी आणली आणि रोज 30 शब्द घोकायला लागलो. रात्री पाठ झालेले आठवड्यात निम्मे गायब. राहिलेले धोक्याचे. पुण्यात एका मुलाखतीत मी सांगितलं, सोलापूर चादरींसाठी 'नोटोरियस' आहे. यादीत अर्थ होता 'प्रसिद्ध'. कुप्रसिद्ध, हे लिहिलंच नव्हतं. ज्या चादरीवर आमचं घर चाललं, तिच्याबद्दल हा शब्द माझ्या तोंडून गेला. फार लागलं ते.

पुढे 'कॉन्टेक्स्ट' म्हणजे संदर्भ, या शब्दाचं मूळ शोधताना लॅटिनमधलं 'तेक्सेरे' सापडलं. म्हणजे विणणे! टेक्स्ट, टेक्स्टाईल, टेक्श्चर, प्रीटेक्स्ट, सगळे एकाच घरचे. मागावर धागा तुटला की बाबा लगेच गाठ मारत नाहीत. तो फणीच्या कुठल्या घरातून आलाय ते आधी बोटांनी चाचपतात. मीही शब्दाचं तसंच करायला लागलो.

वहीत शब्द लिहायचा, पण जिथे भेटला त्या अख्ख्या वाक्यासकट. मग त्याचे सोबती: इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो, चहा 'स्ट्राँग', उलटं चालत नाही. खाली स्वतःचं एक वाक्य, आपल्या माणसांबद्दलचं. 'मेटिक्युलस' म्हणजे बारीकसारीक बाबतीतही चोख. तिथे मी बाबांची ती बोटं लिहिली, शब्द कायमचा बसला.

जर्मनीच्या एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून 1885 मध्येच दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला सर्वात वेगाने होतं. म्हणून उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग चौथ्या, मग आठवड्याने, महिन्याने. आणि अर्थ झाकूनच. नुसतं वाचलं की येतंय असं वाटत राहतं.

सुरुवात अवघड शब्दांनी करू नका. भाषातज्ज्ञ एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली इंग्रजीतल्या अभ्यासाच्या लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची, म्हणजे एक शब्द आणि त्याची रूपं अशा गटांची, यादी केली, ती आधी संपवा. जीआरई, म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, देणाऱ्यांनाही हेच सांगेन. 2011 पासून तिथे सुटे विरुद्धार्थी विचारत नाहीत. वाक्यातल्या रिकाम्या जागा आणि उतारे असतात. रोज 5 शब्द पुरे.

माझ्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर 'नोटोरियस' आहे, सोबतीला 'क्रिमिनल'. शेजारी 'रिनाउन्ड', म्हणजे नावाजलेलं, आणि खाली सोलापूरच्या चादरीचं वाक्य, नीट लिहिलेलं.