झिंक पॉर्फिरिनला पिरिडीन किती घट्ट धरते, ते मोजण्याची रीत

झिंक टेट्राफिनाइलपॉर्फिरिनमधले झिंक चार नायट्रोजनांच्या चौकटीत बसलेले असते. पाचवी जागा रिकामी. टोल्युइनमध्ये त्या जागी पिरिडीनचा (नायट्रोजन असलेल्या कड्याच्या आकाराच्या आम्लारीचा) एक, आणि एकच, रेणू येतो. तो आला की ४२३ नॅनोमीटरजवळचा तीव्र सोरे पट्टा (पॉर्फिरिन सर्वांत जास्त प्रकाश शोषते तो भाग) ४३० कडे सरकतो. या सरकण्यावरूनच बंधनस्थिरांक, म्हणजे बंध किती घट्ट ते सांगणारा आकडा, काढायचा.

२ मिलिग्रॅम पॉर्फिरिन २५ मिली कोरड्या टोल्युइनमध्ये विरघळवा. त्यातले १ मिली घेऊन १०० मिलीपर्यंत भरा. हे द्रावण सुमारे १.२ मायक्रोमोलर होते आणि १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये (प्रकाशशोषण मोजायच्या पारदर्शक डबीत) ०.६ ते ०.७ शोषकता दाखवते. पिरिडीन धूरकपाटातच हाताळा. १० मिलीत ७९ मिलिग्रॅम घातले की ०.१ मोलर होते, पण ते नुसत्या टोल्युइनमध्ये न घालता याच पॉर्फिरिनच्या द्रावणात घाला. नाहीतर दर थेंबाला पॉर्फिरिन पातळ होत जाते आणि ती घट बंधामुळे झाली असे वाटते.

क्युव्हेटमध्ये २.५ मिली घ्या, तापमान २५ अंशांवर बांधून ठेवा. बंध तयार होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे खोली तापली की स्थिरांक घसरतो. स्थिरांक काही हजारांत असतो, म्हणून निम्मे पॉर्फिरिन ०.२ मिलिमोलरच्या आसपासच बांधले जाते. त्या टापूत वाचने दाट घ्या: आधी दहापट पातळ केलेल्या पिरिडीनचे ५-५ मायक्रोलिटर, मग मूळ द्रावणाचे, एकूण ४ मिलिमोलरपर्यंत. दरवेळी ढवळून ३८० ते ४६० स्कॅन करा.

गणिताआधी आलेख नीट बघा. दोन शिखरांमध्ये सगळ्या रेषा एकाच बिंदूत छेदल्या पाहिजेत. तो बिंदू फाटला तर द्रावणात तिसरे काहीतरी आहे. क्लोरोफॉर्म वापरले असेल तर त्यातल्या आम्लाचा अंश झिंक काढून टाकतो, शिवाय स्थिरक म्हणून घातलेले इथेनॉल त्याच पाचव्या जागेवर हक्क सांगते. स्थिरांक शोषकता आणि पिरिडीनची संहती यांच्या आलेखावर वक्र जुळवून काढा. दोन्हींचे व्यस्तांक (१ भागिले ती संख्या) घेऊन काढलेल्या सरळ रेषेत सर्वांत कमी भरवशाच्या, कमी संहतीच्या वाचनांनाच जास्त वजन मिळते.

आम्लारी जितका प्रबळ तितका बंध घट्ट, हे ४-मिथाइलपिरिडीनला लागू पडते. २,६-ल्युटिडीन मात्र पिरिडीनपेक्षा प्रबळ असूनही फार कमी धरते, कारण नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंचे मिथाइल गट पॉर्फिरिनच्या पाटीला अडतात.