अडलेलं आसन अचानक जमलं? मग या चुका टाळा

पहाटेची बॅच सोडून संध्याकाळी यायला लागलेल्या किंवा रोजचा सराव आठवड्यातून तीन-चार दिवसांवर आणलेल्या लोकांच्या बाबतीत मी हे अनेकदा पाहिलंय. वर्षानुवर्षं अडलेलं आसन दीड-दोन महिन्यांत बसतं. हनुमानासनात, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे सरळ पसरून बसताना, मांडी जमिनीला टेकते. ऊर्ध्व धनुरासनात, म्हणजे पाठीवरून उठून हातापायांवर केलेल्या कमानीत, कोपरं सरळ होतात. मलाही फार आनंद होतो. पण आसन जमत नव्हतं तेव्हा ठणठणीत असलेली माणसं जमल्यानंतरच्या महिन्याभरात लंगडत येतात, आणि बहुतेकांची चूक तीच असते.

रोज उठून 'आज बसतंय का' बघणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

सात वर्षं मी पहाटे साडेपाचला सराव करायचे, आठवड्यातले सहा दिवस. हनुमानासनात मांडीखालची लाकडी वीट उभीची आडवी झाली, पण सुटली नाही. मग आईच्या आजारपणामुळे पहाट हातातून गेली. सोम, बुध, शुक्र असा संध्याकाळी साडेसहाला सराव सुरू केला. सूर्यनमस्कारांची मोजदाद सोडली. पट्टा घेऊन सुप्त पादांगुष्ठासन (पाठीवर झोपून एक पाय सरळ वर), दोन्ही पायांनी तीन-तीन मिनिटं. वीरासन (गुडघे दुमडून पावलांच्या मध्ये बसणं). मग मागचा गुडघा टेकवून पुढच्या पायावर शांतपणे थांबणं. सातव्या आठवड्यात वीट काढली आणि मांडी टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासून झाल्यावर मी परत बसून पाहिलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी नणंद आली होती, तिला करून दाखवलं. अकराव्या दिवशी उजव्या बाजूच्या बैठकीच्या हाडापाशी काहीतरी उसवल्यासारखं वाटलं. फार दुखलं नाही, त्यामुळे आखडलं असेल समजून मी तिथेच आणखी ताण दिला. त्यानंतर दहा महिने मला लाकडी खुर्चीवर वीस मिनिटंसुद्धा बसता येत नव्हतं. नाशिक-पुणे एसटीने जाताना मांडीखाली टॉवेलची घडी घेऊन बसायचे.

त्या जागी मांडीमागच्या स्नायूंचा कंडरा, म्हणजे स्नायूचं दोरीसारखं टोक, हाडाला जोडलेला असतो. स्नायू लवकर सैल होतात. कंडऱ्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तो फार सावकाश तयार होतो. शिवाय अचानक मिळालेली लवचिकता बरीचशी मज्जासंस्थेने दिलेली परवानगी असते: शरीर तो ताण सहन करू लागतं, पण त्या टोकाच्या स्थितीत पेलण्याची ताकद अजून आलेली नसते. त्यात सकाळचं गार अंग. संध्याकाळी शरीराचं तापमान थोडं वाढलेलं असतं. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकणंही जड जातं. संध्याकाळी जमलेलं आसन सकाळी मागणं म्हणजे दुसऱ्याच शरीराकडून मागणं.

माझी आता सवय अशी: नवीन आसन जमलं की पुढचे तीन आठवडे ते आठवड्यातून दोनदाच, सरावाच्या शेवटी, आणि वीट परत खाली ठेवून. हे सांगितलं की चेहरे पडतात. "मॅडम, आता तर सुटली होती ना!" सुटली होती, पण ती खाली असली की पाय भार घ्यायला शिकतो.

श्रेय भलत्यालाच देणं

माणूस एका महिन्यात वेळ बदलतो, दिवस कमी करतो, तिळाचं तेल चोळायला लागतो आणि तीस दिवसांचं एखादं चॅलेंजही करतो. आसन जमलं की श्रेय तेलाला किंवा चॅलेंजला, कारण ते सांगायला सोपं. मग तो पुन्हा रोज दोन-दोन तास घाम गाळायला लागतो आणि आसन निघून जातं.

विश्रांतीने काही मिळू शकतं हे आपल्याला पटतच नाही. मैसूरच्या अष्टांग परंपरेत सराव कमालीचा कडक असतो, तरी आठवड्यातला एक दिवस आणि अमावस्या-पौर्णिमा सोडतात. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाने योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या, त्यांत 'प्रयास', म्हणजे अति श्रम, अत्याहारानंतर (अति खाण्यानंतर) लगेच येतो. खाडा करणाऱ्याला आपण रागावतो, पण अंग मोडेपर्यंत करणाऱ्याचं कौतुक करतो. याचा मला मनापासून त्रास होतो.

साधी वही ठेवा. तारीख, वेळ, झोप किती, शेवटचं खाणं कधी, डावी बाजू कशी, उजवी कशी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि सहा आठवडे तिला हात लावू नका. तीस दिवसांत हनुमानासन शिकवतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

बाकीच्या थोडक्यात:

- मागच्या पायाचा खुबा बाहेर फिरवून टेकलेलं हनुमानासन टेकलेलं नसतं. दोन्ही खुबे समोर ठेवा, मग वीट किती लागते ते कळेल.
- पद्मासनात पाऊल हाताने ओढू नका. फिरायचं काम खुब्याचं आहे. तो फिरला नाही तर गुडघ्याची गादी भरडली जाते.
- सोपी बाजू आधी करून तिथेच रमणं. मी अवघड बाजूने सुरू करते आणि शेवटी तीच पुन्हा करते.
- संध्याकाळी करणाऱ्यांनी पाचचा कोरा चहा घ्यावा, मिसळ नको.

आणि बैठकीच्या हाडापाशी आधीच दुखत असेल, तर पश्चिमोत्तानासन, उत्तानासन, म्हणजे बसून किंवा उभं राहून पुढे वाकणं, आजपासून बंद. ताण देऊन ते बरं होत नाही. मला सेतुबंधाने फायदा झाला: पाय रोवून, कंबर उचलून थांबणं, आधी दहा मोजेपर्यंत, मग वीस. दोन आठवड्यांनंतरही बसताना दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. मी दाखवायला चार महिने थांबले होते.