सोलापूरहून कोकणात जाताना आधी तिथी पाहावी

सोलापूरकरांची कोकण सहल बहुधा मुलांच्या सुट्टीवरून ठरते. परंतु सुट्टीतील नेमके दिवस निवडताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथीही पाहावी, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. पहिल्या खेपेस आम्ही अष्टमीच्या पहाटे मुलांना उठवून रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर नेले, तेव्हा चालण्याजोगी ओली, घट्ट वाळू पाण्याखाली होती आणि भुसभुशीत वाळूत आईचे पाय रुतत होते.

कोकणातील जुना ठोकताळा असा की, त्या पक्षातील तिथीची पाऊणपट करावी. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. त्यामुळे अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास गेल्यास भरती अकरा-बाराला आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी पाच-सहाला येते, म्हणजे फिरण्याच्या दोन्ही वेळा किनारा रुंद मिळतो. मात्र हेच दिवस उधाणाचे असतात. तेव्हा चालावे खुशाल, पाण्यात उतरताना स्थानिकांना विचारल्याशिवाय घोट्याच्या पुढे जाऊ नये. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध एखादा शांत दिसणारा पट्टा पोहण्यास सोयीचा वाटतो, पण बहुधा तिथूनच पाणी आत ओढले जात असते. त्यात कोणी सापडलेच, तर किनाऱ्याकडे झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहून त्या ओढीबाहेर यावे.

मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट या मार्गाने रत्नागिरी सुमारे साडेतीनशे किलोमीटर पडते. लहान मुले व वडीलधारे बरोबर असताना हे अंतर एका दमात कापू नये. घाटमाथ्यावरील आंबा गावी मुक्काम केल्यास जंगलातील पायपीटही तिथेच उरकते. वाटाड्या स्थानिकच घ्यावा, सकाळी लवकर निघावे आणि आजी-आजोबांना झेपेल तिथूनच सर्वांनी परतावे. या जंगलात गवे आहेत. दिसल्यास फोटोसाठी पुढे न सरसावता थांबावे आणि त्याची वाट मोकळी ठेवून मागे सरावे. पावसाळ्यात जळवा लागतात, म्हणून कुटुंबासह जाण्यास दिवाळीनंतरचे दिवस मला अधिक योग्य वाटतात. वाटेत देवराई लागली, तर तिथली काटकीही उचलू नये.

सामानात टॉवेल जास्तीचे घ्यावेत. ते घरच्या गावचे असल्याने त्यांची वाण नसते, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत एकदा भिजलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलसरच राहतो. शेंगाचटणी उत्तम टिकते. कडक भाकरीचे मात्र तसे नाही: सोलापूरच्या कोरड्या हवेत आठ-आठ दिवस कुरकुरीत राहणारी भाकरी तिथे उघडी ठेवली की रात्रीतून सादळून चामट होते. ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, एका जेवणापुरतीच बाहेर काढावी आणि झाकण लगेच लावून टाकावे.