बीएमएक्स रेसर व्हायचंय? घाट नंतर, आधी पहिले तीस मीटर

साताऱ्यात सायकल म्हटलं की सगळ्यांना यवतेश्वरचा घाटच आठवतो, पहाटे निघायचं, कासपर्यंत चढायचं आणि नाश्त्याला घरी. भारीच आहे ते, पण बीएमएक्स रेसिंगमध्ये, म्हणजे छोट्या चाकांच्या सायकलींच्या उंचवट्यांवरच्या शर्यतीत, करिअर करायचं असेल तर ही सवय जरा बाजूला ठेवा, कारण ही रेस जेमतेम ३५-४० सेकंदांची असते. ३०० ते ४०० मीटरचा ट्रॅक, त्यावर उंचवटे आणि उड्या, उंच कडांची वळणं, एका वेळी ८ जण, २० इंची चाकं, गिअर एकच, ब्रेक फक्त मागचा, आणि सीटवर बसायचं नाहीच. इथं दमसास दुय्यम, झटका महत्त्वाचा. तालमीत बैठका मारणारी पोरं मला यासाठी जास्त लायक वाटतात, खरंच सांगतो, त्यांच्या मांड्या आधीच तयार असतात.

सगळ्यात जास्त वेळ स्टार्टला द्या. पहिल्या वळणावर जो पुढं तो बहुतेक वेळा शेवटपर्यंत पुढं, कारण मागच्याला ओव्हरटेक करायला जागाच मिळत नाही. मोठ्या स्पर्धांत स्टार्टची टेकडी ५ किंवा ८ मीटर उंच असते, पुढचं चाक गेटला, म्हणजे सुटताना खाली पडणाऱ्या आडव्या फळीला, टेकवून दोन्ही पाय पेडलवर ठेवून उभं राहायचं. स्पीकरवरनं 'रायडर्स रेडी, वॉच द गेट' असं येतं, मग थोडी शांतता, ती कधी लगेच संपते तर कधी दोन-अडीच सेकंद टिकते, म्हणजे अंदाज बांधून सुटायची सोयच नाही. मग लाल, पिवळा, पिवळा, हिरवा असे दिवे पटापट लागतात आणि गेट पडतं.

हे सगळं घरी जमतं. आधी चाक भिंतीला टेकवून पाय खाली न टेकता उभं राहायला शिका, पेडल आडवे, ताकदीचा पाय पुढं. हे जमलं की मोकळ्या जागी मित्राला चाकापुढं जाड फळी धरायला सांगा, आणि मोबाईलवर बीप लावून त्या आवाजाला त्यानं ती झटकन पाडायची. बीप झाली की कंबर वर आणि हँडलकडं फेकायची, पुढचा पाय जीव खाऊन दाबायचा, मान खाली घालायची नाही. तीस मीटर फुल ताकदीनं जायचं आणि मग तीन-चार मिनिटं पूर्ण विश्रांती. आठ-दहा वेळा बास. आपल्याकडं विश्रांती घेतली की कामचुकार म्हणतात, पण दमलेल्या पायांनी मारलेला स्प्रिंट पायांना हळू पळायलाच शिकवतो, त्यामुळं कोण काय म्हणतंय तिकडं लक्ष देऊ नका.

ट्रॅक नाही म्हणून रडत बसू नका. कुणाचं पडीक रान असेल तर मुरूम आणि लाल माती टाकून गुडघ्याएवढे पाच-सहा उंचवटे ओळीनं करा, पाणी मारा, धुम्मस करा, बाजूनं चर काढा नाहीतर पहिल्याच पावसात सगळं ओढ्याला जाईल, आणि जूनच्या आधी ताडपत्री टाका. त्यावर पेडल न मारता फक्त हातपाय दाबत-सैल सोडत सायकल पळवायची, याला पंप म्हणतात आणि रेसमध्ये बराच वेग इथनंच मिळतो. उडी नंतर.

सायकल घेताना फसू नका, दुकानात बीएमएक्स म्हणून बहुतेक जड लोखंडी स्टंटची सायकल दाखवतात, चाकांना पाय ठेवायच्या नळ्या असलेली. शिकायला चालेल, नळ्या काढून टाका. रेसची सायकल हलकी असते, बहुतेकदा ॲल्युमिनियमची, आणि पुढं ४४ मागं १६ दात हा नेहमीचा गिअर. पण पैसे थोडेच असतील तर आधी तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट घ्या, ग्लोव्हज घ्या, अंगभर कपडे घाला. रिओ ऑलिंपिकला २०१६ मध्ये गोल्ड जिंकलेला कॉनर फील्ड्स टोकियोच्या सेमीफायनलमध्ये पडला आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला, एवढ्या अनुभवी माणसाचं हे झालं. डोकं आपटलं तर त्या दिवशी परत सायकलवर बसायचं नाही, डॉक्टरकडं जायचं, यात चर्चा नको.

आता पैशाचं, आईवडिलांनी हे नीट वाचा. २००८ पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे तरी जगात निव्वळ यावर घर चालवणारे थोडेच. ब्रिटनमध्ये रिओनंतर बायकांच्या बीएमएक्सचं फंडिंग थांबलं तेव्हा बेथ श्रीव्हरनं शाळेत असिस्टंट म्हणून काम केलं, लोकांकडून पैसे उभे केले आणि टोकियोत गोल्ड घेतलं. आपल्याला यात नवीन काय, गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकांनी दिलेल्या पैशावरच, आणि ब्राँझ घेऊन आले. म्हणून मागायला लाजू नका, पण शिक्षण सोडू नका. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, मात्र कुठली स्पर्धा धरतात ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडनं लेखी विचारून घ्या, नुसत्या प्रमाणपत्रांच्या ढिगाला काही किंमत नाही.

स्पर्धेसाठी जिल्हा आणि राज्य सायकलिंग संघटनेत नाव नोंदवा, आंतरराष्ट्रीय लायसन्स पुढं सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाकडनंच मिळतं. १७-१८ वर्षांचे ज्युनिअर, त्यानंतर मोठ्यांच्यात. तोपर्यंत एकदा तरी खऱ्या ट्रॅकवर चालवून या. जकार्ताला २०१८ च्या एशियाडसाठी बांधलेला ट्रॅक आहे, युरोपपेक्षा तिकीट बरंच स्वस्त पडतं, दोघातिघांनी मिळून गेलात तर राहायचा खर्च वाटला जातो. पासपोर्ट दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवा, सिलेक्शन झाल्यावर पळापळ नको.